रेंजवर पिस्तुलाचा सराव : कागदाला भोकं पाडण्याच्या पुढे काय?

फ्रिस्कोकर

नमस्कार मंडळी. डॅलसच्या उत्तरेला राहतो. ग्रीन कार्ड झाल्यावर घरात ठेवायला म्हणून ९ एमएम पिस्तूल घेतलं, ग्लॉक १९. टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवायही जवळ बाळगता येतं, पण मी रीतसर वर्ग करून एलटीसी, म्हणजे पिस्तूल जवळ बाळगायचा परवाना, काढलं. त्याची नेमबाजीची परीक्षा म्हणजे ५० गोळ्या : ३ यार्डांवरून २०, ७ वरून २० आणि १५ वरून १०. २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. समोर माणसाच्या आकाराचा भलामोठा कागद. माझ्या शेजारच्या लेनमधल्या आजीबाई आयुष्यात पहिल्यांदाच पिस्तूल धरत होत्या, त्याही हसतहसत पास झाल्या.

आता प्रश्न. शनिवारी सकाळी जवळच्या इनडोअर रेंजवर जातो. कागद ७ यार्डांवर सोडतो, गोळ्यांची दोन खोकी संपवतो, घरी येतो. होल्स्टरमधून पिस्तूल काढायला तिथे बंदी. सेकंदाला एकापेक्षा जास्त गोळी नाही. जागेवरून हलायचं नाही. मग रात्री दोनला काच फुटल्याचा आवाज आला तर ह्या सरावाचा उपयोग काय? जे नियमित जातात ते नेमकं काय करतात?

पिस्तूल घरात असावं की नसावं ह्यावर वेगळा धागा काढा, ही विनंती.

बोकोबा

शेवटची ओळ किती प्रतिसाद टिकते ते बघायला बसलोय.

एडिसनकर

फ्रिस्कोकर, दोन खोकी संपवायची घाईच आधी सोडा. मी एका खोक्यात भागवतो.

पहिल्यांदा एक मित्र सोबत न्या. त्याला तुमचं मॅगझिन भरायला सांगा, मधेमधे डमी काडतुसं घालून. तुम्ही बघायचं नाही. आता झाडा. डमी आली की आवाज होणार नाही, पण पिस्तुलाचं तोंड गचकन खाली गेलेलं तुम्हाला स्वतःलाच दिसेल. फटाका फुटायच्या आधीच आपण डोळे मिटतो ना, त्यातलाच प्रकार. उजव्या हाताने झाडणाऱ्याच्या गोळ्या खाली डावीकडे जमत असतील तर बहुतेक वेळा कारण हेच असतं, आणि लोक साइट (नेम धरायची पिस्तुलावरची खूण) सरकवत बसतात.

दुसरं म्हणजे 'डॉट टॉर्चर'. एका कागदावर दोन इंचांचे दहा ठिपके, ५० गोळ्या, सुरुवात ३ यार्डांवरून. काही ठिपक्यांवर एकाच हाताने, काहींवर डाव्या हाताने, काही ठिकाणी मॅगझिन बदलून. ऐकायला पोरखेळ वाटतो. ५० पैकी ५० येईपर्यंत कागद मागे ढकलायचा नाही एवढाच नियम. होल्स्टर चालत नसेल तर पिस्तूल छातीजवळ, तोंड कागदाकडे, आणि तिथून दोन्ही हात पुढे न्यायचे. बऱ्याच रेंजवर ह्याला हरकत घेत नाहीत, तरी आधी विचारा.

लंडनचा_पाऊस

आमच्याकडे १९९६ला स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत हत्याकांड झालं आणि १९९७च्या कायद्यांनी खाजगी पिस्तुलं जवळपास संपलीच. काच फुटल्याचा आवाज आला तर मी ९९९ फिरवतो आणि जिन्यातून मोठ्याने मराठीत शिव्या देतो. आजवर कुणी वर आलेलं नाही.

मुक्ता_व

लेखकाची विनंती वाचली, पण एक मुद्दा सरावाशीच जोडलेला आहे म्हणून लिहिते. घरात बंदूक असली की आत्महत्येने मृत्यूची जोखीम वाढते, हे अमेरिकेतल्या कित्येक अभ्यासांतून आलं आहे. आणि ती जोखीम फक्त मालकाची नसते, घरातल्या सगळ्यांची असते. तेव्हा रात्री दोनच्या काचेची तयारी करताना दुपारी चार वाजता ते पिस्तूल कुठे असतं, ह्याचाही सराव हवा की नको? मुलं आहेत का घरात?

बोकोबा

तीन प्रतिसाद.

फ्रिस्कोकर

मुक्ताताई, मुद्दा मान्य. मुलगा दहावीत, मुलगी सहावीत. पलंगाजवळ भिंतीला बोल्ट केलेली छोटी तिजोरी आहे, आकड्यांची कळ दाबून उघडणारी. आकडे मला आणि बायकोला माहीत. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं शस्त्र लागेल असं निष्काळजीपणे ठेवणं हा गुन्हाच आहे.

सॅनहोजे_सदाशिव

मग सराव तिथूनच सुरू करा की! अंधारात, झोपेतून उठून, चष्म्याशिवाय ती तिजोरी उघडता येते का? पिस्तूल रिकामं करून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून करून बघा. ह्याला रेंजचं भाडं लागत नाही.

आणि होल्स्टरचं म्हणाल तर तो सगळा सराव घरी कोरडाच होतो. इथे भले भले स्पर्धक आठवडाभर घरी रिकाम्या पिस्तुलाने करतात आणि रेंजवर फक्त तपासायला जातात. माझी पद्धत : मॅगझिन काढायचं, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढायची, चेंबर (गोळी बसते तो कप्पा) डोळ्यांनी बघायचं आणि बोट घालूनही बघायचं. खोलीत एकही काडतूस नको, खिशातही नको. नेम धरायचा तो अशा भिंतीवर की चुकून गोळी सुटलीच तर अडेल. इथली घरं लाकडी सांगाड्याची, भिंती जिप्सम बोर्डाच्या, त्यामुळे अशी भिंत शोधावी लागते. माझ्याकडे पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट आहे, त्याच्यामागे वीटकामाची शेकोटी. दहा मिनिटं. संपलं की संपलं. घात होतो तो सत्र संपल्यावर, पिस्तूल पुन्हा भरल्यावर, 'अजून एकदाच' म्हणताना. म्हणून संपल्यावर मी मोठ्याने 'झालं' म्हणतो. बायको आतून विचारते, काय झालं?

ग्लॉकला कोरडं ट्रिगर ओढल्याने काही होत नाही. .२२ रिमफायर असेल तर मात्र डमी घाला, नाहीतर पिन चेंबरच्या काठावर आदळत राहते.

सुभेदार_निवृत्त

चांदमारीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आम्ही ९ एमएम पिस्टल ऑटो १ए वापरलं. ईशापूरचं, १३ गोळ्यांचं. मूळ ब्राउनिंग हाय-पॉवरचं.

तीनच गोष्टी. पकड, नेम, ट्रिगर. बाकी सगळे नखरे.

रायफल चालवणाऱ्या जवानाच्या हातात पिस्तूल दिलं की त्याची घमेंड दहा मीटरवर उतरते. बॅरल छोटी. दोन साइटमधलं अंतर छोटं. हात जरा हलला की गोळी बटात (कागदामागच्या बांधात), कागदाला दगा.

आणि एक. जॅम झालं की लोक पिस्तूल वळवून स्वतःकडे बघतात. शेजारच्यांनी त्या वेळी खाली बसावं.

करवीर_नेमबाज

सुभेदारसाहेब, दंडवत! त्यात आकडे घालते. छोट्या पिस्तुलावर पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर धरा १५ सेंटिमीटर. पुढची साइट फक्त १ मिलिमीटर सरकली तर ७ मीटरवर गोळी सुमारे पावणेपाच सेंटिमीटर बाजूला जाते. २५ मीटरवर तीच चूक १६-१७ सेंटिमीटर. म्हणून फ्रिस्कोकर, माझा आग्रह असा की कागद लांब सोडा. ७ यार्डांवर तुमच्या चुका लपतात.

मी २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल खेळते. हो, कोल्हापूर, हो, राहीताईंमुळेच सुरू केलं. २०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये राही सरनोबत यांनी ह्याच प्रकारात सुवर्ण जिंकलं तेव्हा नेमबाजीत एशियाड सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरल्या. आमच्या स्पर्धेत दोन भाग असतात. प्रिसिजनमध्ये पाच गोळ्यांना पाच मिनिटं. रॅपिडमध्ये हात ४५ अंशांत खाली, लक्ष्य समोर येतं ते फक्त ३ सेकंद, तेवढ्यात हात वर, एक गोळी, हात खाली, मग ७ सेकंद थांबा. सगळं एका हाताने, .२२मधून. आणि रॅपिड चांगलं कुणाचं होतं? ज्यांचं प्रिसिजन पक्कं असतं त्यांचंच. वेग वेगळा शिकवावा लागत नाही, अनावश्यक हालचाल गळली की तो येतो. तुमच्या टेक्सासच्या यूट्यूबवाल्यांची दाणदाण गोळीबाराची रिळं बघून मला कागदाची दया येते.

एडिसनकर

ताई, आदर आहे, पण इथे मी सहमत नाही. तुमचं लक्ष्य ३ सेकंदांनी निघून जातं, अंगावर येत नाही. १९८३ साली सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्युलर नावाच्या पोलीस सार्जंटने मोजून लिहिलं होतं की धावत येणारा माणूस २१ फूट सुमारे दीड सेकंदात पार करतो. २१ फूट म्हणजे ७ यार्ड, आपल्या हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्या दीड सेकंदात दहा गुणांच्या मधल्या वर्तुळाची कुणाला पडलीय? छातीएवढ्या भागात गोळी लागली तरी पुरे, पण वेळेत लागली पाहिजे. दोन हातांनी, एकामागून एक. वेगाचा सराव वेगळा करावाच लागतो. 'बिल ड्रिल' घ्या : ७ यार्ड, सहा गोळ्या, जमेल तितक्या लवकर, पण सहाही मधल्या चौकोनात. पाचव्या गोळीपर्यंत पकड ढिली होते की नाही ते तिथेच कळतं. सावकाश झाडताना ते कधीच दिसणार नाही.

करवीर_नेमबाज

ह्यातला शेवटचा मुद्दा मान्य. एका हाताच्या खेळात आम्हाला डाव्या हाताच्या पकडीचा विचारच करावा लागत नाही, .२२ला धक्काही नगण्य. पण मग पकड तपासा, शर्यत कशाला?

आणि ट्युलरचा नियम म्हणून जो फिरतो ना, '२१ फुटांच्या आत असेल तर गोळी चालवा', तो नियम नाहीच. होल्स्टरमधून पिस्तूल काढायला पोलिसाला किती वेळ लागतो, तेवढ्यात माणूस कुठवर येतो, ह्याचं ते मोजमाप होतं. त्यातून 'मागे सरका, आडोसा घ्या, लवकर ओळखा' एवढंच निघतं.

सुभेदार_निवृत्त

दोघंही बरोबर. आधी ताईंचं, मग एडिसनकरांचं. उलट क्रमाने शिकवलेली माणसं मी दुरुस्त केली आहेत. मेहनत दुप्पट.

एच१बी_ग्रस्त

एक बाळबोध शंका. मी अजून एच-१बीवर आहे. स्वतःचं विकत घेता येत नाही हे माहीत आहे, पण रेंजवर भाड्याने मिळतं ते चालतं ना? पुढच्या महिन्यात आई-बाबा येतायत, बाबांना फार हौस आहे.

एडिसनकर

थांबा! ह्यात बरेच मराठी लोक अडकू शकतात. बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्याला शस्त्र जवळ बाळगायलाच संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे, आणि रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेणंही त्यात येतं. अपवाद आहेत, त्यातला लोकांना जमण्यासारखा म्हणजे कुठल्याही राज्याचा वैध शिकार-परवाना. बाबा बी-२ पर्यटक व्हिसावर येणार असतील तर त्यांनाही हेच लागू. रेंजवाल्याने काउंटरवर विचारलं नाही म्हणून ते कायदेशीर होत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेत असताना पाच गोळ्यांच्या हौसेपायी रेकॉर्डवर डाग कशाला? वकिलाला विचारा, मी वकील नाही.

लंडनचा_पाऊस

म्हणजे शाकाहारी बाबांनी आधी शिकारीचा परवाना काढायचा आणि मग कागदावर गोळी झाडायची. अमेरिका महान आहे.

बोकोबा

बाबा हरणाच्या मोसमात येतायत का ते विचारा.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडचं सांगतो, म्हणजे तुमचं दुःख हलकं होईल. आमच्या काकांकडे कानपूरचं .३२ रिव्हॉल्वर आहे. आपल्याकडे ९ एमएम प्रतिबंधित बोअरमध्ये (नळीच्या मापात) येतं, सामान्य माणसाला मिळत नाही, म्हणून ही .३२ची परंपरा. २०१९च्या दुरुस्तीपासून एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं, परवाना मात्र तीनऐवजी पाच वर्षांचा. काडतुसं वर्षाला किती घ्यायची ते परवान्यावरच लिहिलेलं. सराव कुठून करणार? काकांनी शेवटची गोळी कधी झाडली ते काकूंनाही आठवत नाही. आणि आता लग्नात हवेत बार काढायचीही सोय नाही, त्याच दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

निवडणूक लागली की आचारसंहितेत रिव्हॉल्वर पोलीस ठाण्यात जमा. ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा... ते रिव्हॉल्वर काकांपेक्षा ठाणेदाराच्या सहवासात जास्त राहिलंय.

मुक्ता_व

म्हणजे काकांकडे सरावाशिवायचं शस्त्र आणि फ्रिस्कोकरांकडे निर्णयाशिवायचा सराव. वाईट वाटून घेऊ नका, पण चाळीस प्रतिसादांत अजून कुणीच विचारलं नाही की त्या काचेच्या आवाजानंतर हा माणूस खोलीबाहेर जाणार आहे की नाही.

बोकोबा

चाळीस नाहीत ताई, वाटतात तेवढे.

सॅनहोजे_सदाशिव

मुक्ताताईंचा प्रश्न खरा आहे, आणि ज्या ज्या चांगल्या प्रशिक्षकाकडे गेलो त्याने पहिल्या तासाला हाच विचारला. उत्तर बहुधा एकच : जायचं नाही. सगळ्यांना एका खोलीत घ्या, दार लावा, ९११ लावून फोन चालू ठेवा, दाराकडे तोंड करून थांबा. अख्खं घर एकट्याने तपासत फिरणं हे पोलीसही टाळतात.

मुलांच्या खोल्या दुसऱ्या टोकाला असतील तर गणित बदलतं, आणि मग जिप्सम बोर्ड पुन्हा आठवा. ९ एमएमची गोळी असल्या कितीतरी भिंती आरपार करते. घराचा नकाशा कागदावर काढा. तुमच्या दारातून जिन्याकडे झाडलेली गोळी पुढे कुणाच्या पलंगाकडे जाते? चार मूलभूत नियमांतला चौथा हाच आहे : लक्ष्य ओळखा आणि त्याच्यामागे काय आहे ते ओळखा. पहिले तीन रेंजवर पाळले जातात, कारण रेंज ऑफिसर ओरडतो. चौथा तिथे कुणीच शिकत नाही, कारण मागे कायम मातीचा नाहीतर पोलादाचा बट असतो.

आणि ओळखायला उजेड लागतो. डाव्या हातात वेगळा टॉर्च घेऊन, एका हाताने झाडायचा सराव करा. पिस्तुलावर बसवलेल्या दिव्याचाच टॉर्च केला तर जे जे बघाल त्याच्यावर पिस्तूल रोखलेलं असेल, आणि अकरावीतली मुलं रात्री दोनला फ्रिज उघडतात.

फ्रिस्कोकर

दहावी. पण फ्रिज उघडतो, हे खरं.

नकाशा आत्ताच काढला. माझ्या दारातून जिन्याची रेषा सरळ मुलीच्या खोलीच्या भिंतीत जाते. पलंग ह्या रविवारी दुसऱ्या भिंतीला नेतोय.

ह्या आठवड्यापासून असं करणार : घरी कोरडा सराव सदाशिवरावांच्या पद्धतीने, रेंजवर आधी १५ यार्डांवर सावकाश दहा गोळ्या, मग डमी मिसळून एक मॅगझिन, मग डॉट टॉर्चर. वेगाचं नंतर बघू. इथे जवळच आयडीपीएची, म्हणजे स्वसंरक्षणाच्या धर्तीवरच्या पिस्तूल-नेमबाजीच्या संघटनेची, सामन्यांची जागा आहे, तिथे होल्स्टर, हालचाल, आडोसा सगळं चालतं म्हणे. कुणी गेलंय?

एडिसनकर

जा, पण पहिल्या वेळी घड्याळाकडे बघू नका. नवख्यांना तिथे कुणी हसत नाही. नियम मोडला, म्हणजे पिस्तुलाचं तोंड ठरलेल्या कोनाबाहेर गेलं किंवा हलताना बोट ट्रिगरवर राहिलं, तर मात्र सरळ घरी पाठवतात. खरा झगडा वगैरे तिथे नसतो, खेळच आहे. पण चारचौघं बघत असताना साधं मॅगझिन बदलायला बोटं कशी थरथरतात ते तिथेच कळतं.

करवीर_नेमबाज

१५ यार्डांवर दहा गोळ्या! माझं येणं सार्थकी लागलं. कागद जपून ठेवत जा, तारीख घालून. आणि हात थंड पाण्याने, साबणाने धुवा, तेच कपडे घालून जेवायला बसू नका. इनडोअर रेंजच्या धुरळ्यात शिसं असतं. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे जास्तच पाळायचं. कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही.

फ्रिस्कोकर

धन्यवाद ताई. शेवटची एक अडचण. बायकोही येते म्हणतेय, पण तिला स्लाइड ओढता येत नाही. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, तिला छोटं पिस्तूल घ्या.

सॅनहोजे_सदाशिव

अजिबात नको! पिस्तूल जितकं छोटं, तितका धक्का जास्त, आणि स्लाइडची स्प्रिंगही बऱ्याचदा आणखी कडक. ताकदीचा प्रश्न नसतो हा. दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढायला जातात म्हणून जमत नाही. डावा पंजा वरून पूर्ण घट्ट बसवा, पुंगळी बाहेर पडते ती खिडकी सोडून, कोपरं अंगाजवळ, आणि स्लाइड मागे ओढण्याऐवजी उजव्या हाताने पिस्तूलच पुढे ढकला. मग स्लाइड सोडून द्यायची, हाताने पुढे नेऊन ठेवायची नाही.

सुभेदार_निवृत्त

मॅगझिन न घालता शिकवा. आणि जोर लावताना माणूस अंग तिरकं करतो, पिस्तुलाचं तोंड शेजारच्या लेनकडे जातं. तुम्ही तिच्या उजव्या बाजूला उभे राहा, लक्ष तोंडावर ठेवा. पिस्तुलाच्या.

बोकोबा

साहेबांनी शेवटचा शब्द वेळेत घातला.